जी२९ च्या ब्रेकला घरगुती लोड सेल: सेल स्वस्त, रबर अवघड

लॉजिटेक जी२९ च्या ब्रेकबद्दलची कुरकुर जुनीच आहे. रेसिंग गेमसाठीचं हे स्टिअरिंग-पेडल २०१५ साली आलं, तेव्हापासून कुणी म्हणतं पेडल दगड आहे, कुणी म्हणतं शंभर टक्के ब्रेक लागतच नाही. दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतात. ब्रेकच्या स्प्रिंगच्या आत एक रबरी ठोकळा आहे. पेडल काही अंतर गेलं की तो आडवा येतो आणि खऱ्या गाडीसारखा कडकपणा देतो. कल्पना वाईट नाही. पण मोजणारा सेन्सर मात्र पेडलच्या बाजूला दातेरी चक्रावर फिरणारा साधा पोटेन्शिओमीटर आहे, आणि त्याला फक्त पेडल किती फिरलं एवढंच कळतं. ठोकळ्याला टेकल्यावर जोर दुप्पट करा, पेडल जेमतेम दोन-तीन मिलिमीटर सरकतं. पायाला जोर कळतो, गेमला अंतर कळतं, आणि दोघांचा मेळ बसत नाही.

लोड सेल म्हणजे अंतर न मोजता दाब मोजणारा सेन्सर; तो लावला की गेमलाही जोरच कळतो. पायाच्या स्नायूंना 'किती दाबलं' हे लक्षात राहतं, 'किती सेंटिमीटर गेलं' हे राहत नाही. सगळा फायदा इथून येतो. वळणात शिरताना ब्रेक हळूहळू सोडत नेणं, एबीएस नसलेल्या गाडीत चाकं लॉक होण्याच्या अलीकडे थांबणं, या दोन जागी फरक पहिल्या तासात दिसतो. बाकी ठिकाणी फारसा दिसत नाही, हेही सांगून ठेवायला हवं.

बाजारात तीन प्रकारचे सेल सहज मिळतात: बाथरूमच्या वजनकाट्यातला ५० किलोचा चपटा सेन्सर, अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, आणि इंग्रजी एस आकाराचा जाड सेल. तिघांनाही सेलचा बारीक सिग्नल आकड्यात बदलणारा बोर्ड एकच, एचएक्स७११, आणि कॉम्प्युटरला जोडायला प्रो मायक्रो हा छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड. लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत हे सगळं एका फेरीत मिळतं. लोक सगळा वेळ कोणता सेल घ्यायचा यावर घालवतात, आणि पेडलची मजा मात्र रबर आणि पाठीमागचा आधार ठरवतो. तरी सुरुवात सेलपासूनच करू, कारण चुकीचा घेतला तर पुढचं सगळं पुन्हा करावं लागतं.

सेल निवडण्याआधी मोजपट्टी घ्या. पेडल ज्या खुंटीवर फिरतं तिथून पायाखालच्या प्लेटचा मध्य किती लांब, आणि स्प्रिंगची नळी पेडलला जिथे जोडली आहे ती पिन किती लांब, ही दोन अंतरं मोजा. समजा १८ आणि ६ सेंटिमीटर आली, तर गुणोत्तर ३. पायाने २० किलो दिले की स्प्रिंगच्या रेषेत ६० किलो येतात. 'माझा पाय काही ५० किलो देत नाही' म्हणून ५० किलोचा एकच सेन्सर स्प्रिंगमागे बसवणारे इथेच फसतात. सतरा किलोला त्याची मर्यादा संपते. जास्त ताण बसलेला सेल लगेच मरत नाही. त्याचा शून्य सरकतो, पाय काढल्यावरही गेममध्ये ब्रेक ३-४ टक्के लागलेला राहतो, आणि माणूस महिनाभर कोडमध्ये चूक शोधत बसतो.

वजनकाट्यातला सेन्सर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त चुकीचा बसवला जाणारा. हातात घेऊन नीट बघा: बाहेर एक चौकट, आत कापून काढलेली जीभ, आणि जिभेवर पांढऱ्या डिंकासारख्या थराखाली स्ट्रेन गेज, म्हणजे वाकलं की रोध बदलणारी बारीक जाळी. जीभ वाकली तरच आकडा हलतो. म्हणजे चौकट कडेने टेकलेली हवी, जिभेखाली दीड-दोन मिलिमीटर पोकळी हवी, आणि जोर जिभेच्या उंचवट्यावरच यायला हवा. सपाट पत्र्यावर ठेवून वरून दाबलं तर अख्ख्या माणसाचं वजन टाकूनही आकडा ढिम्म. ३डी प्रिंटची वाटी करून घ्या, नाहीतर ६ मिमी अ‍ॅक्रिलिकमध्ये चौकटीच्या आतल्या मापाची खाच कापा. प्रिंट करायचं असेल तर पीएलए प्लास्टिक नको, सततच्या दाबाखाली ते हळूहळू बसतं. पीईटीजी चालतं, भिंती चार आणि आत निम्म्याहून जास्त भरीव.

या सेन्सरला तीन वायर असतात, कारण तो अर्धाच ब्रिज आहे (पूर्ण ब्रिज म्हणजे चौकोनात जोडलेले चार रोध). मल्टीमीटरने लाल-पांढरी आणि लाल-काळी प्रत्येकी सुमारे १ किलोओहम, पांढरी-काळी २ किलोओहम दिसेल. काही लॉटमध्ये रंग वेगळे असतात, त्यामुळे रंगावर नाही, मीटरवर विश्वास ठेवा. ज्या वायरीपासून उरलेल्या दोन्हींपर्यंत सारखाच रोध, ती मधली.

एकच सेन्सर वापरायचा तर उरलेला अर्धा ब्रिज १ किलोओहमच्या दोन रेझिस्टरने पुरा करावा लागतो, आणि इथे एक खड्डा आहे. एचएक्स७११ ला १२८ च्या गेनवर (म्हणजे सिग्नल १२८ पट मोठा करताना), ५ व्होल्ट पुरवठा धरला तर, फक्त अधिक-उणे २० मिलिव्होल्ट समजतात. एक टक्का टॉलरन्सचे दोन रेझिस्टर नशिबाने एक ९९० आणि दुसरा १०१० निघाला, तर पेडलला हात न लावताच २५ मिलिव्होल्टचा फरक तयार. बोर्ड तिथेच भरून जातो आणि स्क्रीनवर ८३८८६०७ हा आकडा चिकटून बसतो. हा आकडा दिसला की बोर्ड जळाला असं समजून लोक नवा आणतात. बोर्ड ठीक असतो. दहा रेझिस्टरची पट्टी घ्या, मीटरने मोजून त्यातली सगळ्यात जवळची जोडी निवडा. तेही जमत नसेल तर गेन ६४ करा.

त्यापेक्षा सरळ उपाय म्हणजे दोन सेन्सर शेजारी-शेजारी ठेवून त्यांचा पूर्ण ब्रिज करणं. क्षमता १०० किलो होते, बाहेरचे रेझिस्टर लागत नाहीत, तापमानाचं सरकणंही कमी होतं. बोर्डावर ई म्हणजे सेलला वीज देणारी टोकं, ए म्हणजे सिग्नल घेणारी. पहिल्याची पांढरी ई+ ला, काळी ई− ला, लाल ए+ ला. दुसऱ्याची उलटी: काळी ई+ ला, पांढरी ई− ला, लाल ए− ला. दोन्ही एकाच बाजूने जोडले तर एकाचा बदल दुसरा खाऊन टाकतो आणि आकडा जागचा हलत नाही. मात्र दोघांवर भार सारखा वाटला जायला हवा, म्हणून दोन्हींच्या वरून ५ मिमी जाडीची लोखंडी पट्टी आणि पट्टीच्या बरोबर मध्यावर दाब.

दुसरा पर्याय पट्टीवाला सेल. ८० मिमी लांब, १२.७ मिमी चौकोनी, एका बाजूला एम५ चे आटे आणि दुसऱ्या बाजूला एम४ चे, असा नेहमीचा आकार. चार वायर, म्हणजे पूर्ण ब्रिज घरातूनच आलेला. बहुतेकांत लाल ई+, काळी ई−, हिरवी ए+, पांढरी ए−. खात्री करायची तर पुन्हा मीटर: चार सारख्या भुजांच्या ब्रिजमध्ये समोरासमोरच्या जोडीचा रोध पूर्ण येतो आणि शेजारच्या जोडीचा त्याच्या पाऊण. १००० आणि ७५० असे आकडे दिसले की समजलं. आकडा उलटा पळाला, तर ए+ आणि ए− अदलाबदल करा, काही बिघडत नाही.

ही पट्टी एका टोकाला घट्ट, दुसऱ्या टोकाला भार, आणि मध्ये काहीही टेकलेलं नको. दोन्ही टोकांना २-३ मिमीचे वायसर घालून पट्टी उचलून धरा. टोकावरचा बाण भाराची दिशा सांगतो. एम४ चे आटे अ‍ॅल्युमिनियममध्ये आहेत, त्यामुळे पाना मारताना जरा हात आखडता. एकदा आटे गेले की तो सेल पेपरवेट. मोठी अडचण जागेची: स्प्रिंगच्या रेषेत ८० मिमीची आडवी पट्टी जी२९ च्या प्लास्टिकच्या बेसमध्ये मावत नाही. म्हणून लोक ती थेट पेडलच्या दांड्यावर, पायाखालच्या प्लेटमागे लावतात. तिथे गुणोत्तराचा प्रश्नच राहत नाही, पाय जेवढा तेवढाच भार, आणि ४० किलोची पट्टी पुरते. पण मग पाय प्लेटच्या वरच्या कडेवर पडला की आकडा वेगळा, खालच्या कडेवर पडला की वेगळा. अनवाणी खेळणाऱ्यांना हे जास्त छळतं, कारण टाच दर वेळी थोडी सरकते. शिवाय वायर पेडलबरोबर हलते आणि वाकण्याच्या ठिकाणी आतल्या आत तुटते. तिथे मऊ सिलिकॉनची वायर आणि एक सैल वेटोळं हवंच.

एस टाइप सेल हा खरा यंत्रातला माल. १०० किलोचा घेतला तर साधारण २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट देतो, म्हणजे ५ व्होल्टला पूर्ण भारावर १० मिलिव्होल्ट, एचएक्स७११ च्या पट्ट्याच्या बरोबर निम्म्यात. ओढण्यावरही चालतो, दाबण्यावरही. दोन्ही टोकांना आटे, त्यामुळे रॉड-एंड बेअरिंग लावून स्प्रिंगच्या जागीच बसवता येतो. किंमत मात्र काही हजारांत जाते, आणि तेवढे पैसे जी२९ च्या प्लास्टिकवर घालावेत का, हा प्रश्न रास्त आहे. पुढेमागे लोखंडी पेडल बनवणार असाल तर घ्या, सेल तिकडे नेता येईल. नाहीतर वजनकाट्याच्या दोन सेन्सरवर काम भागतं.

आता बोर्ड. हिरवा एचएक्स७११ जसा येतो तसा तो सेकंदाला १० वेळाच मोजतो. वजनकाट्याला ते पुरेसं, ब्रेकला अजिबात नाही. ताशी २०० किलोमीटरवर गाडी एका मापापासून दुसऱ्यापर्यंत साडेपाच मीटर जाते. चिपवर १५ नंबरचा पाय (पिन) वेग ठरवतो आणि हिरव्या बोर्डावर तो ग्राउंडला जोडलेला आहे. बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने तो तापवा, सुईने अलगद वर उचला आणि शेजारच्या १६ नंबरच्या पायाला सोल्डरचा थेंब देऊन जोडा. वेग ८० होतो, दोन मापांमधलं अंतर साडेबारा मिलिसेकंद. पाय उचलताना घाई केली तर तो मुळातूनच तुटतो. बोर्ड स्वस्त आहेत, दोन आणून ठेवा. काही बोर्डांवर हा वेग बदलायला जम्पर दिलेला असतो. असा मिळाला तर थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

काही हिरव्या बोर्डांत ई− आणि ग्राउंड आतून जोडलेलेच नसतात. आकडा उगाच नाचत असेल तर मीटर कंटिन्युइटीवर लावून दोन्हींना टेकवा. बीप आला नाही तर एक छोटी वायर टाका. बोर्ड सेलपासून वीतभरापेक्षा लांब नको, कारण सेलपासून बोर्डापर्यंतचा सिग्नल मिलिव्होल्टांत असतो. बोर्डापासून पुढची डिजिटल वायर लांब गेली तरी चालते. स्टिअरिंगच्या मोटरच्या केबलला बांधून सेलची वायर नेली, की ट्रॅकच्या कडेच्या कर्बवरून गाडी गेल्यावर ब्रेकचा आकडाही थरथरतो.

प्रो मायक्रोच का, तर त्यातली एटीमेगा३२यू४ चिप यूएसबीवर स्वतःला जॉयस्टिक म्हणून सांगू शकते. आर्डुइनो उनो हा नेहमीचा बोर्ड तसं सरळ करू शकत नाही, म्हणून घरात पडलेला उनो वापरायचा मोह टाळा. मायक्रो-यूएसबीचं सॉकेट बोर्डावरून उखडून येतं, ही या बोर्डाची ठरलेली खोड. टाइप-सी वाला घ्या किंवा सॉकेटभोवती गरम ग्लूचा गोळा बसवा. कोडमध्ये तीन गोष्टी पाळा. एचएक्स७११ चा आकडा २४ बिटांचा आहे, तो १६ बिटांच्या 'इंट' मध्ये कोंबला तर निम्म्या दाबावर ब्रेक अचानक शून्य होतो; 'लाँग' वापरा. सुरू होताना ३०-४० वाचनांची सरासरी काढून शून्य धरा, आणि केबल लावताना पेडलवर पाय नको. चालू असताना मात्र सरासरी दोन वाचनांपेक्षा जास्त नको, नाहीतर ८० चा वेग कमावून पुन्हा गमावला. खालच्या बाजूला एक-दोन टक्क्यांचा मृत भाग ठेवा, वरची मर्यादा तुमच्या सगळ्यात जोरदार दाबाच्या ८० ते ८५ टक्क्यांवर.

जुना पोटेन्शिओमीटर उपटून फेकू नका. त्याचा प्लग काढला की स्टिअरिंगच्या बेसला ब्रेकच्या वायरीवर काहीही दिसू शकतं, आणि काही गेम तोच ब्रेक धरून बसतात. प्लग जागेवर राहू द्या, गेममध्ये ब्रेक फक्त प्रो मायक्रोचा निवडा. असेटो कोर्सा, कॉम्पेटिझिओने, आयरेसिंग या सगळ्यांत वेगवेगळी यूएसबी उपकरणं एकत्र चालतात. ब्रेकचा गॅमा (दाब आणि ब्रेक यांच्यातली रेघ किती वाकडी ते ठरवणारा आकडा) १.० करा, आयरेसिंगमध्ये ब्रेक फोर्स फॅक्टर शून्यावर आणा. जुन्या पेडलसाठी वाकवलेली रेघ तशीच ठेवली तर लोड सेल लावूनही काही फरक वाटत नाही, आणि दोष सेलला जातो.

प्लेस्टेशनवाल्यांना हा रस्ता बंद आहे. त्यांना सिग्नल मूळ ९ पिनी प्लगमधूनच द्यावा लागतो, आणि त्यासाठी आयएनए१२५ ही अ‍ॅम्प्लिफायर चिप. तिचा गेन म्हणजे ४ अधिक ६०,००० भागिले रेझिस्टर. २०० ओहम आणि त्याच्या रांगेत १०० ओहमचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावला की साधारण २०० ते ३०० च्या मधला गेन मिळतो, १० मिलिव्होल्टचे दोन-अडीच व्होल्ट व्हायला तेवढा लागतोच. चिपचं आउटपुट पुरवठ्याच्या साधारण एक व्होल्ट खालीच थांबतं, म्हणून आधी पोटेन्शिओमीटरच्या तीन वायरींवर पुरवठा किती, आणि पेडल दाबल्यावर मधल्या वायरीचा व्होल्टेज वाढतो की घटतो, हे मोजून घ्या. हे काम ज्याने आधी काही सोल्डर केलं नाही त्याने पहिल्यांदा करू नये.

आता रबर. जी२९ चा ठोकळा काढून टाका, स्प्रिंग राहू द्या, आणि स्प्रिंगच्या आत नळीत पॉलीयुरेथेनच्या चकत्या भरा. प्रेस टूलचं सामान विकणाऱ्याकडे पीयूचा रॉड मिळतो, लेथवाला दहा मिनिटांत चकत्या पाडून देतो. कडकपणा शोअर ए ७० ते ८०, जाडी १०-१० मिलिमीटरच्या दोन, मध्ये एक लोखंडी वायसर. पहिले ५ मिमी फक्त स्प्रिंग, मग ८-१० मिमी रबर. खऱ्या गाडीत पॅड डिस्कला टेकेपर्यंत जी पोकळी असते तशीच ही.

चकतीचा व्यास नळीइतका घेऊ नका. पीयू दबतं म्हणजे बाजूला फुगतं, आकारमान कमी होत नाही. फुगायला जागा नसेल तर शोअर ७० चं रबरही लोखंड होतं आणि नळीच फुटते. चहूबाजूंनी दीड-दोन मिमी मोकळे हवेत. स्क्वॅशचा चेंडू कापून घालण्याचा जुगाडही चालतो, पण तो हळूहळू मूळ आकारात येतो. पाय सोडल्यावरही क्षणभर ब्रेक लागलेला राहतो आणि गाडी वळणातून बाहेर पडताना नाक खाली. नाना पेठेत दुचाकीचे रबरी बुश स्वस्तात मिळतात, प्रयोगाला ठीक, पण मऊ रबर काही आठवड्यांत बसकं होतं आणि कॅलिब्रेशन पुन्हा.

आणि सगळ्यात शेवटी आधार, जो सगळ्यात आधी करायला हवा. स्प्रिंगचा मागचा टेकू प्लास्टिकचा आहे. कडक रबर भरून जोरात दाबलं की तो मागे वाकतो. सेलचा आकडा तोच येतो, पण पायाला पेडल 'स्पंजी' वाटतं. स्क्रूच्या भोवती पांढरट रेघा दिसू लागल्या तर प्लास्टिक तडकायला लागलंय समजा. ३ मिमी पत्र्याचा एल आकाराचा अँगल मागे लावून तो खालच्या १८ मिमी प्लायवुडपर्यंत बोल्टने न्या, म्हणजे जोर प्लास्टिकमधून न जाता लाकडात जातो. गुळगुळीत टाइल्सवर ३० किलोचा ब्रेक मारला की पेडल पुढे जातं आणि चाकांची खुर्ची मागे. खुर्चीचे पाय आणि पेडलचा प्लाय यांना सामान बांधायच्या पट्ट्याने एकमेकांशी बांधा. एवढं करायचं नसेल तर वरची मर्यादा पायाच्या १५-१८ किलोवर ठेवा. अचूकता तेवढ्यातही मिळते, कारण सुधारणा जोर मोजल्यामुळे आहे, जोर जास्त लावल्यामुळे नाही.

तयार पेडलांशी तुलना होणारच. थ्रस्टमास्टरच्या टी-एलसीएम मध्ये १०० किलोचा लोड सेल आणि बदलायला सहा स्प्रिंग मिळतात, लॉजिटेकच्या प्रो पेडललाही १०० किलोचा सेल आहे. टी-एलसीएम शेजारी ठेवलं तर घरगुती बदलाचा सिग्नल कमी पडत नाही. कमी पडतो तो सांगाडा. वॉरंटी चालू असेल तर थांबा. संपली असेल आणि घरात मल्टीमीटर, सोल्डरिंग आयर्न आधीच असेल, तर वजनकाट्याचे दोन सेन्सर, जम्परवाला बोर्ड आणि टाइप-सी प्रो मायक्रो एवढं घ्या. एस टाइपचे वाचलेले पैसे पीयू आणि पत्र्यावर घाला. पहिल्या आठवड्यानंतर सगळे बोल्ट एकदा आवळा आणि शून्याचा आकडा लिहून ठेवा. महिन्याने तो सरकलेला दिसला तर आधी रबर बघा, मग चौकटीखालची पोकळी, सेल सगळ्यात शेवटी.